कामाच्या सोबतीचें संगीत

पहाटेच्या अंधारांत जात्यावर बसलेल्या बाईला आज काय गावें असा प्रश्न पडत नसे. दाण्यांचा घास जात्यांत घातला, खुंट्यावर हात ठेवला आणि वरचा दगड फिरूं लागला कीं ओवी आपोआप ओठांवर येई. एका ओळीला जात्याचे किती फेरे व्हावयाचे हें तिच्या हातालाच ठाऊक असे. समोर जाऊ किंवा नणंद बसली असेल तर एकीनें ओवी उचलावी आणि दुसरीनें ती पुरी करावी. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, घरधन्याचा स्वभाव, असा कोणताहि विषय त्या ओवींत येई, आणि त्यासाठीं कोणाची परवानगी काढावी लागत नसे. सानेगुरुजींनीं अशा ओव्या गोळा करून प्रसिद्ध केल्या. पुढें गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनीं पुण्यास राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. गांवोगांव पिठाच्या गिरण्या झाल्या आणि जातें कोपऱ्यांत गेलें. बायकांचे श्रम वाचले, हें चांगलेंच झालें. ओवी मात्र तिच्या कामाला पारखी झाली.

शेतांतली भलरी, मोटेवरचें गाणें, होडी वल्हवितांनाचें कोळ्यांचें गाणें, या सर्वांची जात एकच. तेथें काम करणारा, गाणारा आणि गाणें निवडणारा हे तिघे एकाच देहांत नांदत होते. काम जड झालें कीं लय मंदावे, हात सैल झाला कीं ती पुन्हां चढे. कामाला गाणें जुळवून घ्यावें लागत नसे, कारण तें कामांतूनच निघे.

हे तिघे वेगळे झाले तेव्हां निवडीचा प्रश्न उभा राहिला. १९०२ सालीं भारतांत ध्वनिमुद्रिकांसाठीं गायन मुद्रित होऊं लागलें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. आणि गाणारा एकीकडे, काम करणारा दुसरीकडे अशी स्थिति झाली. आज तर खिशांतल्या मोबाईलमध्यें साऱ्या जगाचें संगीत मावतें, आणि कामाला बसण्यापूर्वीं कोणतें गाणें लावावें हें ठरवितांना पाव तास निघून जातो, असें पुष्कळांचें होतें. गाण्यानें काम हलकें होतें, असें एक म्हणतो. गाण्यानें काम बिघडतें, असें दुसरा म्हणतो. दोघेहि आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात. त्यांचीं कामें निराळीं असतात, एवढेंच.

या प्रश्नाचा फार मोठ्या प्रमाणावर विचार इंग्लंडांत झाला, आणि तोहि युद्धाच्या निकडीनें. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला आणि इंग्लंडांतील दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालूं लागले. त्यांत कारखाना पूर्वीं कधीं न पाहिलेल्या असंख्य स्त्रिया दाखल झाल्या. एकच कळ दाबावयाची, एकच भोंक पाडावयाचें, एकच खिळा बसवावयाचा, आणि तें सबंध पाळीभर. अशा कामांत शरीराच्या आधीं मन थकतें. एस. वायट आणि जे. एन. लँग्डन यांनीं तेथील औद्योगिक आरोग्य संशोधन मंडळासाठीं केलेल्या आणि १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें होतें कीं, या तऱ्हेच्या एकसुरी कामांत अधूनमधून संगीत वाजविलें तर कंटाळा कमी होतो आणि उत्पादनहि कांहीं अंशीं वाढतें. युद्ध ऐन भरांत येत असतां, २३ जून १९४० रोजीं, बीबीसीनें 'म्युझिक व्हाईल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. सकाळीं अर्धा तास, दुपारीं अर्धा तास. पुढें रात्रपाळीसाठीं आणखी अर्धा तास. एरिक कोट्स यांनीं रचलेली 'कॉलिंग ऑल वर्कर्स' ही चाल वाजली कीं कारखान्याला तो ओळखूं येई. युद्ध संपल्यावरहि जवळजवळ दोन तपें, म्हणजे १९६७ पर्यंत, हा कार्यक्रम चालला.

त्याची व्यवस्था पुढें विनफर्ड रेनॉल्ड्स यांच्याकडे आली. ते स्वतः वादक आणि वाद्यवृंदाचे चालक होते. परंतु त्यांनीं घातलेले नियम मैफिलीच्या दृष्टीनें पाहिले तर विचित्र वाटतील. आवाज प्रथमपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहावा. कारण हलक्या सुरांत आलेली चाल यंत्राच्या घरघरींत बुडून जाते आणि एकाएकीं चढलेला आवाज माणसाला दचकवितो. लय मध्येंच ताणूं नये किंवा सैल सोडूं नये. चाली ओळखीच्या असाव्या. गोंगाटांत एखादा तुकडा ऐकूं आला नाहीं तरी ओळखीच्या चालींत तो कान स्वतःच भरून काढतो. अनोळखी चालींत त्याला शोध घेत बसावें लागतें. ढोलाच्या कडेवर काठी मारून कडाड् असा जो आवाज काढतात तो वर्ज्य, कारण कारखान्यांत तो बंदुकीच्या बारासारखा वाटे. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हें त्या वेळीं लोकांच्या तोंडीं असलेलें गाणें याच कार्यक्रमांत मना होतें. त्याच्या ध्रुपदांत टाळ्या वाजतात, आणि त्या ऐकून कामगारहि हातांतलें अवजार खालीं ठेवून टाळ्या वाजवूं लागतील, किंवा त्याच अवजारानें यंत्रावर ठेका धरतील, अशी भीति होती. गाण्याला यापेक्षां मोठी पावती क्वचितच मिळाली असेल.

या नियमांत एक शहाणपणाची गोष्ट होती. यंत्राच्या गतीशीं गाण्याची गति जुळविण्याच्या फंदांत हे लोक पडले नाहींत. एकाच छपराखालीं दहा तऱ्हेचीं यंत्रें चालत असतांना तें शक्यहि नव्हतें. जात्यावर लय हाताच्या ताब्यांत होती. कारखान्यांत ती यंत्राच्या ताब्यांत गेली होती, आणि गाण्यानें फक्त मनाला चालतें ठेवावयाचें होतें. म्हणूनच अर्ध्या तासानें थांबण्यालाहि महत्त्व होतें. सबंध दिवस लावून ठेवलेलें गाणें तासाभरांत भिंतीच्या रंगासारखें होतें. डोळ्यांसमोर असतें, पण दिसत नाहीं. कामाचा कंटाळा वाढूं लागतो तो पाळीच्या मध्यावर. त्या वेळीं लावलेला अर्धा तास हा सकाळपासून चाललेल्या चार तासांहून अधिक उपयोगी पडतो.

जेथें यंत्राचाच आवाज प्रचंड असतो तेथें मात्र ही युक्ति चालत नाहीं. लँकेशायरच्या विणकरणी एकमेकींच्या ओठांची हालचाल पाहून बोलत. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याची तीच कथा होती. शेंकडों साचे एकदम चालूं असतां शेजारच्या माणसाची हांक ऐकूं येण्याची मारामार, तेथें गाण्याची काय कथा! गिरणगांवांतल्या कामगारांचें गाणें पाळी सुटल्यावर सुरू होई. चाळींतल्या भजनांत, मृदंगाच्या साथीनें, आणि सणावारीं ढोलकीवर. आज कानांत बसविण्याचीं लहान यंत्रें मिळूं लागल्यापासून गोंगाटावर गाण्याचा उतारा काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. लोहाराच्या भात्याशेजारीं, रहदारीच्या रस्त्यावर किंवा भरलेल्या लोकलगाडींत बसून काम करणारा मनुष्य बाहेरचा आवाज झांकण्यासाठीं आंतला आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसासाठीं घातलेली मर्यादा अशी आहे कीं, ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल. आवाज ३ डेसिबेलनें वाढला कीं वेळ निम्मा करावा. या हिशेबानें ८३ ला २० तास उरतात, ८६ ला १० आणि ८९ ला अवघे ५. कानाच्या आंतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं माणसाच्या शरीरांत त्या पुन्हां उगवत नाहींत. गोंगाट झांकण्यासाठीं गाणें लावणारा एका नुकसानीवर दुसरीचा थर चढवीत असतो.

हात गुंतलेले आणि कान मोकळे असले तर संगीतच काय, गद्यहि चालतें. याचें एक सुंदर उदाहरण क्यूबा बेटांत घडलें. हवाना शहरांतील चिरूट वळण्याच्या कारखान्यांत १८६५ सालीं कामगारांनीं एक प्रघात पाडला. कारागिरांच्या रांगांमध्यें एका उंच आसनावर वाचक बसे आणि चिरूट वळले जात असतां मोठ्यानें वाचून दाखवी. वर्तमानपत्रें, इतिहास, कादंबऱ्या. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरींतून देत, आणि कोणतें पुस्तक लावावयाचें हेंहि तेच ठरवीत. तंबाखूचीं पानें वळणाऱ्या सराईत बोटांना शब्दांची गरज नसते. म्हणून शब्दांची वाट मोकळी होती, आणि त्या वाटेनें व्हिक्टर ह्यूगो, द्यूमा अशी मंडळी कारखान्यांत शिरलीं. शिंप्याच्या दुकानांत, सुताराच्या कामठ्यांत, भाजी निवडीत बसलेल्या घरांत गाण्याचे शब्द कामाच्या आड येत नाहींत तें याच कारणानें. पाठ झालेलें काम हाताला सोंपवून मन बाहेर फिरावयास गेलेलें असतें. तें एकटें फिरण्यापेक्षां गाण्याबरोबर फिरलें तर बिघडत नाहीं. तेंच सुतार मापें घेऊं लागला किंवा शिंपी नव्या कापडावर कात्री चालवूं लागला कीं क्षणभर गाणें त्याला ऐकूंच येत नाहीं, किंवा तो हात लांब करून तें बंद करतो. हा अनुभव फार बोलका आहे.

कारण मापें घेतांना तो आंकडे मनांत म्हणत असतो. मनुष्य डोळ्यांनीं वाचतो असें वरवर दिसतें. परंतु कठीण वाक्य, लांबलचक आंकडा किंवा अनोळखी नांव आलें कीं तो तें मनांतल्या मनांत उच्चारतो, आणि पुढचा भाग येईपर्यंत पुन्हां पुन्हां उच्चारून जिवंत ठेवतो. बेरीज करणारा कारकून 'हातचे तीन' म्हणतो तें याचसाठीं. त्याच वेळीं शेजारीं कोणी साखरेचा भाव विचारला तर हातचे तीन गेलेच म्हणून समजावें. प्येर सलामे आणि अ‍ॅलन बॅडली या दोघांनीं १९८२ सालीं हीच गोष्ट प्रयोगानें तपासली. लोकांना ओळीनें आंकडे दाखवावयाचे आणि ते त्याच क्रमानें आठवावयास सांगावयाचे. त्याच वेळीं बोलण्याचा आवाज ऐकवावयाचा आणि तिकडे लक्ष देऊं नका असें बजावावयाचें. लक्ष न देतांहि आठवणींत चुका वाढल्या. त्या बोलण्याला अर्थ नसला तरी चुका होतात, आणि परक्या भाषेचें बोलणेंहि अडथळा करतेंच, असें या आणि इतर प्रयोगांतून दिसलें. आवाज बराच लहान केला तरी हा अडथळा फारसा हटत नाहीं. १९८९ सालीं त्याच दोघांनीं संगीत लावून पाहिलें तेव्हां गायनानें वाद्यसंगीतापेक्षां अधिक चुका करविल्या. उलट पंख्याच्या किंवा पावसाच्या एकसारख्या आवाजानें तितकें नुकसान होत नाहीं. कानाला खिळवून ठेवतो तो बदल. आणि बोलण्याइतका क्षणाक्षणाला बदलणारा दुसरा आवाज रोजच्या जगांत क्वचितच सांपडतो.

तेव्हां मुद्रितें तपासणारा, जमाखर्च मांडणारा, पत्राचा मसुदा करणारा, परीक्षेसाठीं नवें प्रकरण वाचणारा, यांनीं गाणें लावूं नये, असा साधा निष्कर्ष निघतो. त्यावर विद्यार्थी म्हणतो, "गाणें लावल्याशिवाय मला बसवतच नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नसतें. गाण्यानें त्याची वृत्ति प्रसन्न होते आणि जो एका तासांत उठला असता तो तीन तास बसतो. या तीन तासांतील प्रत्येक तास थोडा गळका असतो, हें त्याला कळत नाहीं, कारण गळती डोळ्यांना दिसत नाहीं. वह्या लावणें, आकृत्या रंगविणें, झालेला धडा नीट लिहून काढणें, अशा वेळीं गाणें खुशाल असावें. नवें समजून घेतांना आणि पाठ करतांना तें थांबवावें. ज्याला संपूर्ण शांतता खायला उठते त्यानें शब्दांविना संगीत निवडावें.

पण शब्दांविना म्हणजे काय, हें इतकें सरळ नाहीं. सनईवर किंवा हार्मोनियमवर वाजविलेलें एखादें लोकप्रिय नाट्यगीत घ्या. त्यांत शब्द नाहींत. परंतु ज्यानें तें पद शंभरदां ऐकलें आहे त्याच्या मनांत प्रत्येक सुराबरोबर त्याचें अक्षर उमटतें. त्याच्यापुरतें तें गाणेंच झालें. कारखान्याला जें ओळखीचें हवें होतें, तेंच येथें अडचणीचें ठरतें. बांसरीवरचा किंवा सतारीवरचा आलाप या बाबतींत अधिक निर्धोक. त्याला शब्द नसतात, ठेका नसतो, आणि तो एकाच रागाच्या अंगणांत संथपणें फिरत असतो. जोड सुरू झाला कीं कान थोडे टवकारतात. झाला आला कीं काम करणाऱ्याची लेखणी थांबते, आणि ती थांबावी यांत वादकाचा दोष मुळींच नाहीं. त्यानें ती थांबविण्यासाठींच एवढी मेहनत घेतलेली असते.

विलंबित ख्यालाची तर घडणच अशी कीं ऐकणाऱ्यानें समेची वाट पाहावी. गायक दूर दूर जातो, आवर्तन संपत येतें, आतां हा कसा येणार म्हणून श्रोत्याचा श्वास अडतो, आणि सम सांपडतांच मान हलते. ही मान हलण्याची घटका हिशेबाच्या वहींत कोठें मांडणार? कसलेल्या गवयाचा ख्याल पार्श्वभागीं लावून बेरजा करणें हा बेरजांवर अन्याय आहे. ख्यालावरचा अन्याय त्याहून मोठा. नुसता तंबोरा लावून काम करणारेहि कांहीं आहेत. षड्ज-पंचमाचा तो अखंड नाद पावसाच्या आवाजासारखा बाजूला राहतो आणि शेजारच्या खोलींतलें बोलणें झांकतो. संगीत म्हणून नव्हे तरी आडोसा म्हणून तो उत्तम. नभोवाणीचें केंद्र लावून ठेवणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं गाण्यांच्या मधलें निवेदन आणि जाहिराती यांची रचनाच लक्ष ओढण्यासाठीं झालेली असते.

मोझार्टचें संगीत ऐकून बुद्धि वाढते, अशी एक हूल १९९३ नंतर जगभर उठली होती. मूळ प्रयोग लहानसा होता. अमेरिकेंतील ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं दोन पियानोंसाठीं रचलेला एक सोनाटा दहा मिनिटें ऐकला, आणि नंतर कागदाच्या घड्यांसारख्या आकृतींच्या प्रश्नांत त्यांना थोडे अधिक गुण मिळाले. हा फायदा पाव तासहि टिकला नाहीं. पुढील अभ्यासकांनीं दाखवून दिलें कीं ही जादू मोझार्टची नसून प्रसन्न झालेल्या चित्ताची आहे. मात्र त्यांतली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून सुटली. ते विद्यार्थी काम करीत असतांना संगीत वाजत नव्हतें. तें आधीं वाजून थांबलें होतें. कामाला बसण्यापूर्वीं आवडीचें एक गाणें शांतपणें पुरें ऐकावें आणि मग तें बंद करून काम हातीं घ्यावें, हा मार्ग फार थोडे लोक चोखाळतात. गाण्यालाहि त्यांत पूर्ण मान मिळतो.

निवड कोणी करावी, हा प्रश्न अखेरीस उरतोच. १९९४ सालीं कॅरन अ‍ॅलन आणि जिम ब्लास्कोविच यांनीं शस्त्रक्रिया करतांना संगीत ऐकण्याची संवय असलेल्या ५० शल्यवैद्यांवर एक प्रयोग केला. तो शस्त्रक्रियागृहांत झाला नाहीं. वैद्यांना मोठ्या संख्येंतून ठराविक आंकडा वजा करीत जाण्याचें काम दिलें होतें. स्वतः निवडलेलें संगीत वाजत असतां त्यांची नाडी आणि रक्तदाब सर्वांत कमी चढला आणि वजाबाक्या सर्वांत अचूक व जलद झाल्या. प्रयोगकर्त्यांनीं निवडलेल्या संगीतानें तितका लाभ झाला नाहीं. आंकड्यांचें काम असूनहि संगीत येथें उपकारक ठरलें, कारण तें रोजच्या संवयीचें आणि आपल्या मर्जीचें होतें. परंतु शस्त्रक्रियागृहांत शल्यवैद्य एकटा नसतो. तेथें भूल देणारा डॉक्टर असतो, परिचारिका असतात, आणि रुग्णाच्या रक्तांतील प्राणवायु मोजणारें यंत्र असतें. प्राणवायु घटूं लागला कीं त्या यंत्राचा टिकटिकणारा सूर खालीं उतरत जातो; पडद्याकडे न पाहतां केवळ कानानें धोका कळावा म्हणून ही योजना आहे. सुरी चालविणाऱ्याच्या आवडीचें गाणें वाजत असतां तो उतरणारा सूर ज्याला ऐकावयाचा असतो त्याला कोणी विचारलेलें नसतें, आणि टेबलावरच्या रुग्णाला तर नाहींच.

चार यंत्रांच्या शिवणकामाच्या दुकानांत प्रश्न इतका गंभीर नसतो, पण जात तीच. एकाला लावणी हवी, दुसऱ्याला भजन, तिसऱ्याचें डोकें दुखतें आणि चौथा मालक असतो. अशा ठिकाणीं पाळी लावून घेतलेली बरी. प्रत्येकाचा एक तास आणि मध्यें एक तास कोणाचाच नाहीं.

चिरुटांच्या कारखान्यांतला वाचक क्यूबांतून गेलेल्या कामगारांबरोबर अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतांतल्या टँपा शहरीं पोंचला होता. तेथेंहि वाचकाची निवड कामगार करीत आणि त्याला पगारहि तेच देत. तो मजुरांना चळवळीचीं पत्रें वाचून दाखवितो, अशी मालकांची तक्रार होती. १९३१ सालीं त्यांनीं वाचन बंद केलें. कामगारांनीं संप केला, तो चालला नाहीं; वाचकांचीं उंच आसनें कारखान्यांतून निघालीं आणि त्यांच्या जागीं रेडिओ आले.